एक भिंत बोलकी, बाकी तीन मुक्या

रंगाचं शेडकार्ड घरात आलं, की घरात जितकी माणसं तितके रंगतज्ज्ञ निघतात. वर्षानुवर्षं ज्या भिंतीला टेकून पेपर वाचला, तिच्याकडे कधी वळूनही न पाहणारे गृहस्थ अचानक 'हा रंग जरा उदास वाटतो' असं म्हणू लागतात. चारही भिंती एकाच रंगात काढायच्या असतील तर वाद लवकर मिटतो. सगळ्यांना थोडा थोडा नावडणारा फिका रंग ठरतो आणि रंगारी कामाला लागतो. पण दिवाणखान्याची एकच भिंत वेगळी, उठून दिसणारी करायचं ठरलं, की घरात सरळ पक्ष पडतात.

सजावटकार या भिंतीला 'अ‍ॅक्सेंट वॉल' म्हणतात. मराठीत तिला बोलकी भिंत म्हणायला हरकत नाही. खोलीत पाऊल टाकताच नजर जिच्याकडे जाते, ती ही भिंत. बाकीच्या तिघींनी मुकाट राहायचं आणि हिनं बोलायचं. आता बोलायचं म्हणजे काय बोलायचं, हाच खरा प्रश्न. बहुतेक घरांत तो कुणी विचारतच नाही. थेट रंगाच्या दुकानात जातात.

बंगळूरच्या बसवनगुडीतलं एक मराठी घर डोळ्यांसमोर आणावं. मराठी माणसाला बंगळूर तसं परकं नाही. 1638 नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. बसवनगुडी हा त्या शहराचा जुना, शांत आणि वाचता-लिहिता भाग. 'बसव' म्हणजे नंदी आणि 'गुडी' म्हणजे देऊळ. एकाच शिळेतून घडवलेला सुमारे 15 फूट उंचीचा नंदी इथल्या देवळात बसला आहे. त्याच्याच नावानं ही वस्ती ओळखली जाते. 1898च्या प्लेगनं पेठेतली दाटी माणसांच्या जिवावर उठली, तेव्हा मोकळ्या हवेसाठी लोक इकडे येऊ लागले. लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी 1945मध्ये नामदार गोखल्यांच्या नावानं संस्था उभारली, तीही इथेच, बुल टेंपल रोडवर.

इथल्या जुन्या घरांची एक ठेवण होती. पुढे थोडी बाग, खिडक्यांवर टोकदार लाकडी जाळीच्या झडपा, आत उंच छत आणि पायांना गार लागणारी तांबडीलाल जमीन. सिमेंटात लोहाचा तांबडा रंग मिसळून, घोटून घोटून ती गुळगुळीत केलेली असे. अशा घरांतली बरीच आता पडली आहेत. त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या. घर पडतं तेव्हा त्याच जागेवर मालकाला एक-दोन फ्लॅट मिळतात आणि मग नव्या दिवाणखान्याचा प्रश्न उभा राहतो.

समजा, हे मराठी घरही असंच पडायचं ठरलं. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. नवा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, दिवाणखाना 18 फूट लांब आणि 12 फूट रुंद. मुलाला एक भिंत राखाडी ग्रॅनाइटची हवी आणि तिच्यावर मोठा टीव्ही. सुनेनं एका मासिकात गडद निळी भिंत पाहून ठेवली आहे. नातवंडांना क्रिकेटपटूंचं पोस्टर हवंय. आजी काही मागत नाहीत. फक्त एवढंच म्हणतात, "माझ्या गौरी कुठे उभ्या करणार, ते आधी सांगा. मग काय हवा तो रंग लावा."

कुणी तिकडे लक्ष देत नाही. पण सगळ्या चर्चेत मुद्द्याचं बोललं ते आजींनीच.

भिंतीसमोर काय घडणार?

एकच भिंत वेगळी करण्याची कल्पना परदेशातून आली, असा पुष्कळांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. चंडीगड शहराची आखणी करणारे वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी एका स्विस कंपनीच्या भिंतीच्या कागदासाठी 1931मध्ये 43 रंगछटांचा संच तयार केला होता. कुठल्या भिंतीला कुठला रंग दिला की खोली मोठी वाटते, कुठली भिंत पुढे आल्यासारखी भासते, याचा विचार त्यांनी बारकाईनं केला. मेक्सिकोच्या लुईस बारागान यांच्या गडद गुलाबी भिंती तर जगभर नावाजल्या गेल्या. आजच्या मासिकांतल्या भिंती त्यांच्याच नात्यातल्या.

पण त्यांच्याही आधीपासून आपल्याकडे एक भिंत वेगळी काढली जात होती. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांत लग्नघराची भिंत शेणामातीनं सारवून, गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठानं चौक काढतात. त्यात पालघट देवी विराजमान होते. हा चौक काढण्याचा मान सवाष्णींचा. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली आणि जगभर पोचवली. पण तिचं मूळ घर म्हणजे ती लग्नाची भिंत.

कर्नाटकातही तिची बहीण सापडते. शिवमोग्गा जिल्ह्यात सागरच्या बाजूला दीवरु समाजाच्या बायका घराच्या तांबड्या मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्या रंगानं 'हसे चित्तार' काढतात. तांबडी भिंत, पांढरी रेघ आणि भाजलेल्या तांदळाचा काळा. इथेही निमित्त लग्नाचं. नवरा-नवरी ज्या भिंतीसमोर बसतात, ती भिंत सजते.

या दोन्ही भिंती का देखण्या दिसतात? त्यांच्यासमोर काहीतरी घडतं म्हणून. आधी प्रसंग आणि मग रंग, असा तो क्रम आहे. आजच्या दिवाणखान्यांत क्रम उलटा झाला आहे. आधी भिंत सजते आणि मग तिच्यासमोर काय ठेवायचं ते शोधत बसतात. काहीच सुचत नाही, म्हणून शेवटी टीव्ही.

बसवनगुडीतच याचं एक चविष्ट उदाहरण आहे. गांधी बझारातलं 'विद्यार्थी भवन' 1943मध्ये सुरू झालं. डोशासाठी तिथे आजही रांग लागते. आतल्या भिंतींवर कन्नड साहित्यिकांची रेखाचित्रं आहेत. डोसा येईपर्यंत माणसं ती बघत बसतात, ओळखीचा चेहरा दिसला की शेजारच्याला दाखवतात. लेखकांचा वावर असलेल्या या भागात ती चित्रं शोभतात. हीच चित्रं एखाद्या विमानतळावर लावली, तर नुसती शोभा उरेल.

म्हणून भिंत निवडण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून एक साधी यादी करावी. वर्षभरात या खोलीत काय काय होतं? पाहुणे कुठे बसतात? वाढदिवसाला केक कुठे कापतात? गणपती कुठे बसतो? मुलीला बघायला मंडळी आली, तर तिचा फोटो कुणाच्या मागच्या भिंतीसकट निघतो? ही यादी केली, की चारांतली एक भिंत आपोआप पुढे येते.

आजींच्या घरात यादी मोठी मजेची झाली. भाद्रपदात तीन दिवस गौरी. आश्विनात नवरात्राच्या बाहुल्या. बंगळूर-म्हैसूरकडे नवरात्रात घरोघर 'गोंबे हब्ब', म्हणजे बाहुल्यांचा सण असतो. विषम संख्येच्या पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या बसवतात. सगळ्यांत वर 'पट्टद गोंबे', म्हणजे राजा-राणीची लाकडी जोडी. ती मुलीला लग्नात माहेरहून मिळते. या मराठी घरानं शेजाऱ्यांकडून हा सण कधीच उचलला होता. त्या दिवसांत गल्लीतल्या बायका एकमेकींच्या बाहुल्या बघायला जातात. थोडक्यात, वर्षातले बारा-तेरा दिवस या घराचा दिवाणखाना देवाचा आणि शेजाऱ्यांचा असतो. त्या दिवसांत टीव्हीच्या भिंतीसमोर गौरी उभ्या करायच्या, तर टीव्हीवर चादर टाकायची. आजींना नेमकं तेच नको होतं.

कुठली भिंत निवडावी?

आता उजेडाकडे वळावं. ज्या भिंतीत मोठी खिडकी आहे, ती भिंत सहसा निवडू नये. दिवसा खिडकीतून येणाऱ्या उजेडानं डोळे दिपतात आणि तिच्याभोवतीची भिंत काळपट दिसते. कितीही महागडा रंग लावला तरी तो दुपारी दिसतच नाही. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर उजेड सरळ पडतो. तिथे रंग जसा आहे तसा दिसतो. खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर उजेड तिरपा घसरत जातो. गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा तिथे उघडा पडतो. अशा भिंतीला चकचकीत रंग कधीच देऊ नये. खडबडीत पोत मात्र तिथे छान खुलतो.

खोलीचा आकारही बघावा. लांबट, बोळासारख्या खोलीत टोकाच्या अरुंद भिंतीला तांबडा, मातकट असा उबदार रंग दिला, की ती भिंत जवळ आल्यासारखी वाटते आणि खोली चौरस भासते. लांब भिंतीला गडद रंग दिला, तर बोळ आणखी अरुंद वाटतो. चार-चार दारं असलेली भिंत सोडूनच द्यावी. तिला बोलायला जागाच उरत नाही.

आजींच्या फ्लॅटमध्ये 12 फूट रुंदीची आणि साडेनऊ फूट उंचीची टोकाची भिंत निघाली. समोर खिडकी, मध्ये एकही दार नाही. पाहुणे आत आले की पहिली नजर तिच्यावर. गौरींना पूर्वेकडे तोंड करून उभं राहता येईल अशी. मुलाचा टीव्ही शेजारच्या लांब भिंतीवर गेला. तो थोडा हिरमुसला, पण तिथे खिडकीचं प्रतिबिंब टीव्हीच्या काचेत पडत नाही, हे कळल्यावर समाधान पावला.

दगड नको, कारण हिशेब

राहिला त्याचा ग्रॅनाइटचा हट्ट. इथे गणित मदतीला येतं. 20 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट एका चौरस फुटाला सुमारे पाच किलो भरतो. 12 बाय साडेनऊ म्हणजे 114 चौरस फूट. एकूण वजन 570 किलोच्या आसपास, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या मसाल्याचं वजन वेगळं. दुसऱ्या मजल्यावरच्या आतल्या भिंतीवर अर्ध्या टनाहून अधिक ओझं टाकण्याआधी इमारतीच्या अभियंत्याला विचारायलाच हवं. हल्लीच्या बऱ्याच भिंती हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात. साधा खिळा किंवा नेहमीची गिट्टी त्यात पकड धरत नाही. त्यासाठी वेगळे स्क्रू मिळतात. जड चौकट, फडताळ किंवा टीव्ही टांगण्याआधी भिंत कशाची आहे हे बिल्डरला विचारून घ्यावं.

रंगाचा हिशेब त्यामानानं गरीब. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांत साठ-सत्तर चौरस फूट भिंत काढतो. म्हणजे या भिंतीला दोन लिटर पुरतात. एवढ्याशा रंगात खोली बदलते, हीच बोलक्या भिंतीची खरी गंमत. बेत फसला तरी खिसा रिकामा होत नाही. लागेल तेवढा रंग एकाच वेळी घ्यावा. मिसळून दिलेली छटा दुसऱ्या खेपेला तंतोतंत जुळेलच असं नाही. वाटीभर रंग लहान डब्यात घट्ट झाकून ठेवावा. पुढच्या ओरखड्याला तोच उपयोगी पडतो.

छटा निवडताना शेडकार्डावर विसंबू नये. बोटाएवढ्या चौकोनात सौम्य दिसणारा रंग भिंतभर पसरला की भडक वाटतो. दोन फूट लांबी-रुंदीच्या जाड पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्यावेत आणि तो पुठ्ठा त्या भिंतीला टेकवून दोन-तीन दिवस ठेवावा. सकाळी बघावा, दुपारी बघावा आणि रात्री दिवे लावून तर नक्कीच बघावा. पिवळसर दिव्यात तांबडा रंग उजळतो आणि निळा मरगळतो. पांढऱ्याशुभ्र दिव्यात नेमकं उलट होतं. सुनेच्या लाडक्या गडद निळ्याचा निकाल असाच लागला. दिवसा राजबिंडा दिसणारा निळा रात्रीच्या पिवळ्या दिव्यात काळा पडला. "समईच्या उजेडात गौरी दिसायच्या, की मागचा अंधार?" असं तिनंच स्वतःला विचारलं आणि निळा रंग झोपायच्या खोलीत नेला.

मग दिवाणखान्याला कुठला? सूनबाई जुन्या घरात सामान बांधत होती. फरशी पुसता पुसता तिच्या लक्षात आलं, की गेली दहा वर्षं आपण ज्या रंगावरून चालतोय, तो कुठल्याच शेडकार्डात बघितला नाही. तांबडीलाल जमीन उचलून नेता येत नाही. तिचा रंग नेता येतो. वारल्यांचा गेरूही तोच आणि दीवरूंची माती तीच. तिनं जमिनीचा फुटलेला एक तुकडा रुमालात बांधला आणि रंगाच्या दुकानात नेला. दुकानदारानं त्यावरून छटा जुळवून दिली, फक्त एक पायरी फिकी.

बाकीच्या तीन भिंतींसाठी रंग आजींनी सुचवला. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी 'कडलेकाई परिषे', म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. आजूबाजूच्या गावांचे शेतकरी नवं पीक घेऊन येतात, रस्त्याच्या कडेला शेंगांचे ढीग लागतात. वाळल्या टरफलाचा जो फिकट, किंचित पिवळसर रंग असतो, तो आजींना हवा होता. पांढराशुभ्र रंग तांबड्याशेजारी डोळ्यांत खुपतो. टरफलाचा रंग खुपत नाही.

ओल आधी, रंग नंतर

नव्या भिंतीला घाईनं रंग देण्याचा मोह पुष्कळांना होतो. गिलावा निदान चार आठवडे वाळू द्यावा. पावसाळा असेल तर आणखी थांबावं. भिंत वाळली की नाही हे बघायची एक सोपी युक्ती आहे. दोन फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब धरले असतील, तर भिंतीत ओल आहे. अशा भिंतीवर रंग लावला, की वर्षाच्या आत पोपडे निघतात. भिंतीचा कागद लावला, तर त्यामागे बुरशी धरते. न्हाणीघराच्या पाठची भिंत बोलकी करायची असेल, तर आधी प्लंबर आणि मग रंगारी.

कामाचा क्रमही पाळावा. आधी वायरमन, मग सुतार आणि शेवटी रंगारी. दिव्याची जागा नंतर सुचली, की नव्या रंगावर छिन्नी चालते. भिंतीच्या वर एखादा दिवा खाली तोंड करून लावायचा असेल, तर त्याची नळी आधीच गिलाव्यात घालून घ्यावी.

चौकटीवरच्या खुणा

इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग निघाला चौकटीचा विषय.

जुन्या घराच्या माजघराच्या दाराला सागवानी चौकट होती. घर पाडणाऱ्या ठेकेदारानं तिची किंमतही सांगितली होती. मुलाच्या डोक्यात आलं, की ही चौकट नव्या भिंतीवर मधोमध बसवावी. दार नाही, नुसती चौकट. भाद्रपदात तिच्यात गौरी उभ्या राहतील, मखराची गरज नाही. आश्विनात तिच्यापुढे बाहुल्यांच्या पायऱ्या लागतील. बाकीचे दिवस ती रिकामी राहील आणि आतून तांबडी भिंत दिसेल. कल्पना सगळ्यांना आवडली. सुतार आला. चौकटीवर जुन्या ऑइलपेंटचे चार-पाच थर होते. तो म्हणाला, "रंधा मारतो, पॉलिश पेपरनं घासतो, वर पॉलिश. नव्यासारखी होईल."

आजी उठल्या आणि चौकटीच्या डाव्या खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. त्या खांबावर पेन्सिलच्या आडव्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेशेजारी नाव आणि साल. मुलाची उंची, त्याच्या बहिणीची, नंतर नातवंडांची. एक रेघ फार खाली होती आणि तिच्यापुढे दुसरी नव्हती. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

"नव्यासारखी कशाला व्हायला हवी?" आजींनी विचारलं.

सुतार थांबला. आणि थांबला तेच बरं झालं, कारण आजींना ठाऊक नसलेलं आणखी एक कारण त्या रंगात दडलेलं असू शकत होतं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिशाचा वापर सर्रास होत असे. रंग पांढराशुभ्र, चमकदार आणि टिकाऊ व्हावा म्हणून शिशाची संयुगं त्यात घालत. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची मर्यादा घालणारे नियम 2016मध्ये निघाले आणि 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाले. त्याआधीच्या, विशेषतः कित्येक दशकांपूर्वीच्या थरांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. असा रंग कोरडा घासला, की त्याची बारीक धूळ घरभर बसते. रांगणारं मूल जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिशाचा सर्वांत मोठा धोका लहान मुलांना आणि पोटातल्या बाळाला. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही.

म्हणून जुनी दारं, खिडक्या, चौकटी नव्या घरात वापरताना काही पथ्यं पाळावीत. रंग घट्ट बसलेला असेल, तर तो खरवडूच नये. ओल्या फडक्यानं पुसून घ्यावा आणि वरून दुसरा थर देऊन झाकून टाकावा. पोपडे सुटलेले असतील, तर पाणी मारून, ओलं ठेवूनच काढावेत. काम बाहेर, मोकळ्यावर करावं, खाली प्लॅस्टिक अंथरावं, तोंडाला चांगला मास्क असावा. मुलं आणि गरोदर बाई त्या जागी नसावी. नंतर झाडू मारू नये, ओल्या फडक्यानंच पुसावं आणि ते फडकं टाकून द्यावं. चार थरांचा रंग भट्टीच्या ज्योतीनं जाळून काढण्याची जुनी पद्धत तर बंदच करावी. शिशाची वाफ दिसत नाही, पण श्वासातून आत जाते.

चौकटीचा तोडगा असा निघाला. जिथे खुणा होत्या, तो डावा खांब तसाच राहिला. ओल्या फडक्यानं हलकेच पुसला आणि खुणांवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पातळ पट्टी स्क्रूनं बसवली. पेन्सिलीवर थेट वार्निश फिरवलं असतं, तर रेघा फिसकटण्याची भीती होती. उरलेल्या भागावर दोन हात साध्या तपकिरी रंगाचे. रंधा नाही, पॉलिश पेपर नाही. वाळवी मात्र निघाली. खांबांच्या बुंध्याशी लाकूड भुसभुशीत झालं होतं. सुतारानं खालचे तीन इंच कापून टाकले, वाळवीचं औषध मारलं आणि चौकट भिंतीला लावून बघितली. भिंत आणि लाकूड यांच्यात हवा खेळावी म्हणून मागे बारीक पट्ट्या ठोकल्या.

सगळे मागे सरून बघत होते. तांबड्या भिंतीवर ती जुनी चौकट अशी बसली, जणू भिंत तिच्यासाठीच बांधली होती. मुलानं मोबाइल काढून फोटो घेतला. आजी मात्र टेप मागवून खाली बसल्या.

"तीन इंच कमी झाले," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची उंची तीन इंचांनी घटली की रे."

सुतार हसला. त्यानं तीन इंचांचे दोन सागवानी ठोकळे कापले आणि खांबांच्या खाली सरकवले. आजींनी सर्वांत खालच्या रेघेपर्यंत टेप लावून माप पुन्हा घेतलं. ते बरोबर निघालं. मग त्यांनी नातवाला हाक मारली, "ये रे, उभा राहा इथे. टाच टेकव." पट्टीच्या शेजारी, नव्या घरातली पहिली रेघ त्यांनी स्वतः ओढली.

गौरींना अजून दोन महिने होते. तोपर्यंत चौकट रिकामी राहणार होती आणि दिवाणखान्याच्या बाकीच्या तीन भिंती गप्प.